मुशीचं तेल आणि पांढरी गोळी

आमच्या लालबागच्या चाळीत मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल मालवणहून यायचं. बाटलीचं बूच उघडलं की भायखळ्यापर्यंतची मांजरं अंग झाडून उठायची. ते पिऊन मी परळ नाक्यावर ढेकर दिला, तर दादरला लोक नाक धरायचे. यात तिळभर अतिशयोक्ती नाही. असलीच तर एखाद्या स्टेशनाची.

हे तेल मी आणि शेजारच्या खोलीतला माझा दोस्त रोज सकाळी एकत्र प्यायचो. दोघं एकाच कॉलेजात, दोघं पोहणारे. कलकत्त्याला जाणाऱ्या युनिव्हर्सिटीच्या संघात आमच्यातला एकच जाणार होता. तेव्हा पोहणाऱ्या पोरांत ताकदीचं वेडच होतं. कुणी ग्लुकोज फाकायचा, कुणी कच्ची अंडी गिळायचा. गिरगावातला एक तर इतका च्यवनप्राश खायचा की तो पाण्यात उतरला की तलावाचा काढा व्हायचा. आम्ही दोघांनी ठरवलं, अंगात जाईल ते दोघांच्या जाईल. मग जिंकेल तो जिंकेल. माझ्या आईच्या देवापुढे तशी शपथ घेतली, तीही त्यानंच आधी. आई तेल ओतत म्हणायची, "पी मेल्या, मुशीसारखो पवशीत."

संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे चालू होते. फलकाची एक काठी त्याच्या हातात, दुसरी माझ्या. एकदा लाठीमार झाला तेव्हा त्याला मी जिन्याखाली ढकललं आणि त्याच्या वाटची लाठी पाठीवर घेतली. ती इतकी लांब होती की मारणारा फोर्टात आणि वळ लालबागेत.

निवडीच्या दिवशी चौपाटीजवळच्या तलावात आम्ही उड्या मारल्या. एरवी तो माझ्या खांद्यामागे असायचा. त्या दिवशी मला त्याच्या टाचाच दिसत राहिल्या.

कपडे बदलताना त्याचे हात थरथरत होते, डोळे ताणलेले, तोंडाची टकळी थांबेना. मला वाटलं ताप चढलाय. कपाळाला हात लावला, तसा त्यानं तो बाजूला सारला. मग सांगू लागला. परीक्षेत जागायला पोरं घेतात तसली पांढरी गोळी होती. आम्हा दोघांना पोहायला शिकवणाऱ्या सरांनी सकाळी दिली. तुझ्या दोस्ताला गरज नाही, म्हणाले.

"मला का नाही बोललास?"

"एकच होती रे."

एकच! लहानपणी लिमलेटची गोळी एकच असली की सदऱ्याच्या टोकात धरून, चिमणीच्या दातांनी तोडून, अर्धी अर्धी खाल्लेली पोरं आम्ही. त्यानं ती पांढरी गोळी पुढे केली असती, तर मी अर्धीसुद्धा घेतली नसती. त्याचीही फेकून दिली असती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो बोलला नाही.

तो कलकत्त्याला निघाला तेव्हा चाळ जिन्यात जमली. ओवाळलं माझ्याच आईनं. तो तिच्या पाया पडला, आणि पडताना त्यानं माझ्याकडे बघितलं. मी सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवल्या.

पुढे कितीतरी वर्षं आमच्या दोन खोल्यांत एकच भिंत होती. पलीकडे तो खोकला तरी ऐकू यायचं. अख्ख्या चाळीला थापा मारून हसवणारा मी, त्याच्यासाठी मला साधी एक थापही सुचली नाही.