गच्चीवर तपासलेली बेटं

आमच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही तिघी रोज संध्याकाळी चालायचो. वीस सालचा, करोनाचा तो उन्हाळा. रस्त्यावर जायची बंदी होती आणि घरात बसून गुडघे धरत होते. तिघींचीही लेकरं परदेशात होती, आणि योगायोग असा की तिन्ही बेटांवर. माझी मुलगी न्यूझीलंडला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा इंग्लंडला. खालच्या मावशींची लेक मॉरिशसला, कारण त्यांचे जावई नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कापड कारखान्यातून तिथल्या कारखान्यात गेले होते.

मी शाळेत गणित शिकवते. गप्पांना शिस्त नसली की मला त्रास होतो. म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तक्ता आखला आणि पत्र्याखालच्या पाण्याच्या टाकीला चिकटवला. आडव्या ओळींत तीन देश. उभे रकाने असे: सीमा कधी बंद केली, दुकानं कशी चालवली, शाळा, तपासण्या, लोकांनी ऐकलं का. प्रत्येकाला दहापैकी गुण. माहिती आपापल्या लेकराकडून आणायची, बातम्यांवरून नाही, असा नियमही मीच केला.

मॉरिशसनं आधी दुकानंच बंद केली. मग उघडली ती आडनावाच्या पहिल्या अक्षरावर. मावशींच्या जावयांचं आडनाव इंग्रजी अक्षरांच्या शेपटाला, त्यामुळे त्यांची पाळी सगळ्यात शेवटी.

"तोवर दुकानात काय उरते वं? पोरगी चार दिवसांपासून नुसती मसूर खाऊन राहिली," मावशी म्हणाल्या.

"पण शिस्त आहे. आठ गुण," मी म्हटलं.

इंग्लंडला मी चार दिले. चारी बाजूंनी पाणी असून विमानतळ सताड उघडे, येणाऱ्याला कोणी विचारत नव्हतं, हे मला पटेना. वहिनी रागावल्या. "माझा मुलगा दर गुरुवारी दारात उभा राहून डॉक्टर-नर्सांसाठी टाळ्या वाजवून राहिला, त्याचे काहीच नाही का?"

"आपणही थाळ्या वाजवल्या. त्याचे गुण मी आपल्यालाही दिले नाहीत."

न्यूझीलंडला साडेनऊ. आजारी मोजके असतानाच त्यांनी दार लावून घेतलं, आलेल्यांना दोन आठवडे हॉटेलात ठेवलं, आणि काही आठवड्यांत आतलं जग मोकळं केलं. मुलगी समुद्रावरचे फोटो पाठवायची, बिनमास्कचे. मी ते फोटो गच्चीवर दाखवत फिरत असे. आज ते आठवलं की स्वतःचा राग येतो, पण तेव्हा अभिमानच होता. माझी मुलगी हुशार देशात आहे, इतकंच मला दिसत होतं.

दिवाळीच्या सुमारास तिचा फोन आला. दिवस राहिले होते. मे महिन्यात बाळंत होणार.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. ते जमलं नाही तर आई जाते. तिसरा मार्ग आमच्या घरात कधी कोणाला सुचलेला नाही. मी लगेच हिशेबाला लागले: मे महिना, उन्हाळ्याची सुट्टी, वर थोडी रजा, तीन महिने सहज. बाळंतशोपा, डिंक, अळीव यांची यादी केली. मग व्हिसाचं पाहिलं. बाहेरच्यांना प्रवेश बंद. आईला वेगळी सवलत नाही.

वहिनींना मी हे गच्चीवर सांगितलं. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, चांगलं निवांत पाहिलं, आणि म्हणाल्या, "साडेनऊ दिले ना तुम्ही त्यायले?"

मावशींनीच त्यांना दटावलं, "काहून बोलता वं असं? तिची पोरगी आहे तिकडे."

तरी मी आशा सोडली नव्हती. एप्रिलपर्यंत काहीतरी ढिलं होईल, असं वाटायचं. एप्रिलमध्ये नागपुरात काय झालं ते इथल्या कोणाला सांगायला नको. आमच्या इमारतीतले दोघे गेले. दिवसभर रुग्णवाहिकांचे आवाज. आणि न्यूझीलंडनं भारतातून येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही काही दिवस बंदी केली. गणित म्हणून ते बरोबरच होतं. मी त्या खुर्चीत असते तर मीही तेच केलं असतं. मुलीला मी तसं सांगितलंही.

ती म्हणाली, "आई, मले ते बरोबर आहे का नाही ते नाही ऐकायचं. तू यावं असं वाटते."

मी म्हटलं, "फोन ठेवते, कुकर लागला आहे." कुकर लागलेला नव्हता.

नात झाली तेव्हा मी गॅसजवळ उभी होते. पुढचे दीड महिने सकाळी सहाला मी फोनसमोर बसायची. तिथे तेव्हा साडेबारा वाजलेले असत, बाळाच्या आंघोळीची वेळ. पाय लांब कर, बाळ पालथं घे, मान धर, पाणी कोपराला लावून बघ. सांगून हात शिकतात, पण थोडेच. तिच्या पाठीला, कमरेला काय सांगणार? ती स्वतःची पाठ स्वतः कशी चोळणार?

एक दिवस ती म्हणाली, "शेजारची बाई येऊन करून देते मालिश."

शेजारीण सामोआची होती. तेही बेटच, न्यूझीलंडहून लहान. तिथे करोनाच्या आदल्या वर्षी गोवरानं लहान लेकरं गेली होती, म्हणून या वेळी त्यांनी न्यूझीलंडच्याही आधी दार लावलं आणि न्यूझीलंडहून घट्ट लावलं. स्वतःच्या माणसांनाही थोड्याथोड्यांनी घेत होते. हिची आई तिथे, ही न्यूझीलंडात.

"कशानं करते?" मी विचारलं.

"खोबरेल कोमट करून."

"मालिशीले तिळाचं तेल लागते. खोबरेल थंड पडते."

"आई, बरं वाटते मले."

त्या बाईचे आभार मान, म्हटलं. मनात मात्र असूया होती, खरं सांगायचं तर. माझ्या मुलीच्या अंगावर कोणा परकीचे हात, आणि ते हात चांगले. त्या संध्याकाळी मी तक्ता टाकीवरून काढला.

बावीस सालच्या पावसाळ्यात त्यांनी सगळ्यांना दार उघडलं. मी पहिल्या मिळालेल्या तिकिटावर गेले. नात चालत होती. माझ्याकडे दोनदा नीट बघून ती आईच्या पायामागे गेली, आणि मीही तिला ओढलं नाही. अनोळखी माणसाकडे मूल जात नाही, हे शहाणपणाचंच लक्षण. शेजारीण भेटली नाही. सामोआ उघडल्याबरोबर ती आईकडे गेली होती. मी तिच्यासाठी आणलेलं लुगडं मुलीच्या कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नात झोपल्यावर मी चटई अंथरली, तिळाचं तेल कोमट केलं आणि मुलीला म्हटलं, "पालथी हो."

"आता काय वं आई? सव्वा वर्ष होऊन गेलं."

"पालथी हो म्हटलं ना."

ती झाली. पाठ भरली होती, खांदे रुंद झाले होते. पोर उचलून उचलून झालेले. उजव्या कमरेजवळ एक जागा दुखरी होती. ती तिनं मला फोनवर कधी सांगितली नव्हती. मी तिथे अंगठा लावून जोर दिला, माझी आई मला द्यायची तसा.

"हळू," ती उशीत तोंड खुपसून म्हणाली. "शेजारची ती इतकं नव्हती दाबत."

मी जोर कमी केला. "असं?"

"अजून थोडं हळू. हं, असं."