सत्तर किलोंचा उतार

आज सिंगापूरमधल्या आमच्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमधली स्टोअररूम आवरता आवरता कंबर मोडली, तेवढ्यात बर्फातले जुने हातमोजे सापडले. बुरशीचा वास. लेक म्हणाली, "बाबा, थ्रो अवे लाह!" मी मात्र बारा वर्षं मागे, जपानच्या डोंगरात पोचलो होतो.

स्की भाड्याने देणाऱ्याने बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणारा खटका, जुळवायला वजन विचारलं. शेजारी बायको, मंजू. मी पोट आत घेऊन म्हणालो, "सत्तर." खरं होतं ब्याऐंशी. त्याने स्क्रू सत्तरच्या बेताने सैल ठेवला.

चढताना स्कीवर टाच मोकळी ठेवतात, तशी ठेवून दोन तास चढलो. माथ्यावर टाच पक्की केली, तर पहिल्याच वळणावर स्की पायातून निघाली. दुसऱ्या वळणावरही.

"बाइंडिंगच खराब आहे," मी म्हणालो.

मंजू खाली बघत होती. या एका उतारासाठी तिने वर्षभर आमचे चौदा मजले पायी चढून सराव केला होता.

"असेल. चल, पायी जाऊ." तिनेही स्की काढल्या.

गुडघाभर बर्फातून उतरताना मला वाटत होतं, थाप पचली. स्क्रूड्रायव्हर तिच्या पाठपिशवीत होता. खरं वजन सांगितलं असतं, तर स्क्रू आवळायचं दोन मिनिटांचं काम होतं.