मेथी उगवेपर्यंत ढीग हलायचा नाही

नव्वदच्या दशकात नाशिकरोडला जुने बंगले पाडून अपार्टमेंटं उभी राहू लागली, त्या दिवसांत मी खैरनार सरांना प्रथम पाहिलं. शाळेत विज्ञान शिकवणारे हे गृहस्थ रस्त्याकडेच्या राडारोड्यावर उकिडवे बसून विटांचे तुकडे निवडत होते. मी विचारलं, "सर, काही हरवलंय का?"

"माती," ते म्हणाले. "बसा, तुम्हीही शोधा."

मी बसलो तो आजतागायत उठलेलो नाही.

दगडखाणीतली चुरी आणि पाडलेल्या घरांच्या विटांचा भुगा यांत शेण व बाजारातला सडका भाजीपाला मिसळायचा, महिनोन्महिने वरखाली करायचा आणि त्याची माती करायची, हा सरांचा हट्ट. लोक हसायचे. मीही घरी जाऊन हसायचो, खोटं कशाला बोलू? पण पहिल्या ढिगावर वांगी लगडली, तेव्हा ती गल्लीभर मिरवत वाटणाराही मीच होतो.

सरांचा एक नियम होता. प्रत्येक ढिगातली माती पत्र्याच्या डब्यात भरून तीत मेथी पेरायची. ती उगवून हिरवीगार राहिली तरच ढीग हलवायचा. "पास-नापास आपण ठरवायचं नाही, मेथी ठरवेल," असं ते म्हणत.

तो नियम मी एकदा मोडला. सिन्नरकडच्या जिजाबाई सांगळे यांच्या जमिनीत खडीच्या खाणीचा नुसता खड्डा उरला होता. तिथला एक पट्टा आमच्या मातीने भरून दसऱ्यासाठी झेंडू लावायचा, असं ठरलं. तो साधला तर आसपासचे शेतकरीही आपले खड्डे देणार होते. सर तापाने पडले होते, रोपं तयार होती आणि मला घाई. मेथी न पेरताच मी ढीग पाठवला. त्यात पाडलेल्या भिंतींचा चुन्याचा गिलावा भरपूर राहिला होता. त्या चुन्याने पंधरवड्यात झेंडूची रोपं पिवळी पडून वाळली आणि इतके दिवस हसणाऱ्यांना आयतं निमित्त मिळालं.

अंगात कणकण असताना सर माझ्यासोबत तिथे आले. चारचौघांत हात जोडून म्हणाले, "जिजाबाई, चूक माझी. मी माती तपासली नाही." मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझा दंड दाबला. परतताना एसटीत मी रडकुंडीला आलो. सर म्हणाले, "तुमचं नाव निघालं तर तुमच्या हातची माती पुन्हा कुणी घेणार नाही. मला काय, लोकांच्या हसण्याची सवय आहे."

जिजाबाई मात्र खमक्या. "मास्तर, एक वर्ग नापास झाला म्हनून शाळा सोडायची नाय. चाळा परत," म्हणाल्या. आम्ही तो सगळा पट्टा उपसला, चाळला, गिलाव्याचा खडा न् खडा वेचला. या वेळी मेथी हिरवी राहिली. पुढच्या दसऱ्याला त्या खड्ड्यात झेंडू असा फुलला, की बाकीचे शेतकरी आपणहून आले. आज तिथल्या कितीतरी खड्ड्यांत पेरू आणि भाजीपाला उभा आहे. हे काम आमच्या सरांनी केलं, हे सांगताना माझी छाती फुगते.

सरांच्या या गौरवग्रंथातल्या दोन लेखांत 'सरांची ती एक चूक' मोठ्या कौतुकाने आली आहे. सर, रागवायचं तर रागवा, पण ती चूक माझी होती. हे छापण्यापूर्वी मी जिजाबाईंना जाऊन सांगितलं. त्या हसल्या. "मला तव्हाच कळलं होतं. मास्तर माझ्याकडं बघून बोलत होते, अन् तुम्ही जमिनीकडं बघत होते."

सरांना ठणठणीत प्रकृती लाभो आणि त्यांचे हात असेच मातीत राहोत. त्यांच्या शंभरीच्या हारासाठी जिजाबाईंनी झेंडूचा तोच पट्टा आजच राखून ठेवला आहे. त्यावर घालायची माती मी देणार आहे. मेथी पेरली आहे.