चिंधीची वजनं

लेकीचं लग्न झालं आणि दोन महिन्यांतच पडदेवाल्या ताईंची झोप उडाली. शिवायला घेतलेल्या पडद्यांना उलट्या बाजूने टीप मारू लागल्या, म्हणजे बघा! पोर फोनवर नुसतं "हो", "बरी आहे" एवढंच बोलायची. खोदून विचारलं तेव्हा रडवेली झाली. "सासूबाई माझ्याशी बोलतच नाहीत गं, आई. माझं काय चुकलं तेच कळत नाही."

ताई मनाशी हिशेब जुळवू लागल्या. विहीणबाई म्हणजे मालगोदामात क्रेन चालवून निवृत्त झालेली बाई. लग्नात बोलून बोलून सगळ्यांना हसवलं होतं तिने. ती अशी तोंडात मिठाची गुळणी धरून बसली, म्हणजे राग पोरीवरच असणार.

तेवढ्यात विहीणबाईंचाच निरोप आला, "रविवारी तळ्यावर मासे धरायला येता का?"

'आज काय तो सोक्षमोक्ष लावूच,' असं ठरवून ताई गेल्या.

तळ्याच्या लाकडी धक्क्यावर दोघी शेजारीशेजारी बसल्या. विहीणबाई न बोलता खुणांनीच शिकवू लागल्या. दोरीच्या अगदी टोकाला शिशाचं वजन आणि त्याच्या वीतभर वर गळ. वजन तळाला टेकलं की आमिष गाळात न रुतता वरच्या वर हलत राहतं. ताईंनी मान डोलावली, जरा सरकून बसल्या, आणि पायाचा धक्का लागून वजनांची डबी डुबुक!

विहीणबाईंनी डोळे मिटले. तोंडातून अवाक्षर नाही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

ओशाळलेल्या ताईंनी काठावरचा खडा उचलून दोरीला बांधला. गुळगुळीत खडा गाठीतून सटकला. दुसराही सटकला. मग त्यांनी पिशवी उपसली. सुईदोरा, कात्री आणि जाड पडद्याच्या चिंध्या त्यांच्यापाशी कायम असायच्या. त्यांनी अंगठ्याएवढा बटवा शिवला, त्यात बारीक खडी भरली आणि तोंड शिवून टाकलं. पहिला फारच हलका निघाला, पाण्यात दोरी तिरकी पळाली. दुसरा ठासून भरला, तो मात्र सरळ तळाला गेला. विहीणबाईंच्या भुवया वर चढल्या. आपण होऊन त्या सुईत दोरा ओवून देऊ लागल्या. पाचसहा बटवे तयार झाले. त्यांतले दोन तळच्या दगडांत अडकून तुटले, पण चिंधीच ती, गेली तर गेली.

एवढ्यात ताईंच्या हातातली गळाची काठी वाकली.

"ओढा! ओढा!" विहीणबाई ओरडल्या, आणि त्यांच्या तोंडातून काहीतरी पांढरं सुटलं, ते फळ्यांवरून घरंगळत कडेपर्यंत गेलं. ताईंनी काठी काखेत दाबली आणि झेप घेऊन ते पकडलं. बघतात तर कवळी!

विहीणबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. ताईंना वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या.

"लग्नानंतर नवी बसवली हो," बोळक्या तोंडाने त्या म्हणाल्या. "बोलले की टकटक वाजते, हसले की बाहेर येते. नव्या सुनेपुढे दात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणून गप्पच बसले."

"आणि इकडे पोरीला वाटतंय, तुम्ही रागावलात!"

"मी? अहो, तीच बोलेना! मला वाटलं, मीच आवडले नाही तिला. तेच विचारायला तर तुम्हाला बोलावलं, पण विचारणार कोणत्या तोंडाने?"

ताईंचा जीव भांड्यात पडला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. काखेतली काठी धडपडत होतीच. दोघींनी मिळून हातभर मासा वर घेतला.

विहीणबाईंच्या घरी लेकीने दार उघडलं. विहीणबाईंनी कवळी हातातच धरली होती. "ये गं बाळ, बस माझ्याजवळ. दात नाहीत, पण बोलायचं खूप साचलंय."

पोर आधी सासूकडे बघत राहिली, मग आईकडे. आणि खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी कवळी नीट घट्ट बसवून घ्यायला तिघीही दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. बाहेरच्या बाकावर त्यांच्या गप्पा एवढ्या रंगल्या, की आतून डॉक्टरांनी नाव पुकारलं ते कुणालाच ऐकू गेलं नाही.