विजयकरांचे दोन प्रश्न

विजयकर कुणाच्या घरी दुःखाला गेले की वहाणा काढता काढताच विचारत, "कशानं गेले?" घरच्यांनी "हार्ट बंद पडलं" असं सांगितलं तर त्यांचं समाधान होत नसे. "ते सगळ्यांचंच पडतं हो," ते शांतपणे म्हणत. "त्याच्या आधी काय झालं होतं?" गिरगावातल्या त्यांच्या काही नातेवाइकांनी मयताची बातमी त्यांना तेरावं उरकल्यावर कळवायची पद्धत पाडली होती.

विजयकर आरोग्य खात्याच्या आकडेवारी विभागात हेडक्लार्क होते आणि मी त्यांच्या हाताखाली नवा कारकून. शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी आमच्याकडे येत. कोण कशाने गेला याची वर्गवारी करायची आणि वर्षअखेरीला अहवाल काढायचा, हे आमचं काम. विजयकर पाठारे प्रभू. खानदानी गिरगावकर. कडक इस्त्रीचा कोट, मनगटाला अत्तर, डब्यात कोलंबीचं भुजणं. नम्रता त्यांच्या अंगात औषधालाही नव्हती. "या शहरात माणसं माझ्या परवानगीनं मरत नाहीत, पण माझ्या माहितीशिवाय कुणी मरत नाही," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. एका डॉक्टराने दाखल्यावर मृत्यूचं कारण 'अशक्तपणा' असं लिहिलं होतं. विजयकरांनी तो परत धाडला. "अशक्तपणानं माणूस मरत असता तर आमच्या खात्यात कुणी उरलं नसतं," हा निरोपही सोबत धाडला.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. अर्धी कचेरी दुपारी मोर्चाला जाई आणि उरलेली अर्धी मोर्चावर चर्चा करी. विजयकर दोन्हींत नसत. कुणी छेडलंच तर म्हणत, "मुंबई कुणाची ते ठरेल. मुंबईत आजारी पडलेला कुणाचा, ते आधी ठरवा."

हे कोडं नव्हतं, तक्रार होती. लालबाग-परळचे क्षयाने होणारे मृत्यू दरवर्षी कमी दिसत होते. मोठे साहेब खूश होते. या आकड्यांवरच करी रोडचा क्षयाचा दवाखाना तिथून हलवावा, असा प्रस्ताव तयार झाला होता. विजयकरांना हा आकडा पटत नव्हता. मृत्यूची नोंद माणूस जिथे मरतो तिथे होते, आणि गिरणीतला कोकणी माणूस छातीने खचला की घरचे त्याला बोटीत बसवून गावी पाठवतात. तो खोकायला लागतो लालबागला आणि मरतो मालवणला. म्हणून विजयकरांनी स्वतःसाठी दोन प्रश्न ठरवले होते : आजार कुठला, मरण कुठलं?

त्यासाठी ते रजा टाकून भाऊच्या धक्क्यावर जाऊन उभे राहत. हातात छत्री, अंगात कोट. कुणी आजारी माणसाला आधार देत बोटीकडे निघालं की ते पुढे होत. "काय होतंय यांना?" उत्तर ठरलेलं असे : हवापालट. घरात क्षय आहे हे कळलं की मुलींची लग्नं जमत नसत, त्यामुळे खरं कोण सांगणार? एका म्हातारीने त्यांना सुनावलंही, "तुमका काय करूचा हा? तुम्ही काय बोटीचे मालक?" विजयकर दुसऱ्या दिवशी कचेरीत सांगत, "सगळं कोकण हवापालटाला चाललंय, सावंत. परत येताना मात्र कुणी दिसत नाही."

एके सकाळी माझ्या थोरल्या भावाला, दादाला घेऊन मी धक्क्यावर गेलो. दादा गिरणीत होता. त्याच्या तोंडाशी रुमाल होता आणि तो रुमाल मी पुन्हा पुन्हा आत दुमडत होतो. समोर विजयकर. त्यांनी दादाकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं. मी 'हवापालट' हा शब्द तोंडात तयार ठेवला होता. त्यांनी विचारलंच नाही. छत्री बगलेत मारून म्हणाले, "बोट आज वेळेवर आहे," आणि दुसरीकडे बघत उभे राहिले.

पुढच्याच महिन्यात मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. अहवालाच्या मसुद्यात क्षयाच्या आकड्याखाली विजयकरांनी टीप जोडली होती : या भागातले अनेक रोगी शेवटी गावी जातात, त्यांचे मृत्यू यात नाहीत, म्हणून या आकड्यावरून दवाखाना हलवू नये.

"विजयकर, याला आधार काय? धक्क्यावरच्या गप्पा?" साहेबांनी विचारलं. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही लालबागचेच ना? काय हो, तुमच्या चाळीतून असं कुणी गावी गेलंय?"

घरी धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. आई आदल्याच रात्री म्हणाली होती, "चेडवाचा लगीन जमता हा. खंय काय बोलशीत तर माका मेलेली बघशीत."

"नाही साहेब," मी म्हणालो. "सणासुदीला जातात तेवढेच."

विजयकरांनी फक्त एक वाक्य बोलायला हवं होतं : यांच्या भावाला मी धक्क्यावर पाहिलंय. ते म्हणाले, "सावंत म्हणतात, तर तसंच असेल."

टीप गेली. वर्षाच्या आत दवाखानाही गेला. विजयकर धक्क्यावर उभे राहून थापा गोळा करतात, असा विनोद कचेरीत रूढ झाला आणि ते निवृत्त होईपर्यंत टिकला. निरोप समारंभातही एकाने तो करून दाखवला. मी टाळ्या वाजवल्या. त्या कचेरीतलं आता कुणी उरलेलं नाही, तरी लिहून ठेवतो : विजयकर थापा गोळा करत नव्हते. थाप मी मारली होती.

त्या दिवशी साहेबांच्या खोलीतून बाहेर आल्यावर त्यांनी डबा उघडला आणि अर्धं भुजणं माझ्या पानात वाढलं. "खा," म्हणाले. थोड्या वेळाने, डब्याचं झाकण पुसता पुसता, "तिकडे दादांना दूध मिळतं ना?"

मिळत होतं. दादा तरी पावसाळ्यापलीकडे गेला नाही. गावच्या दप्तरी कारण लागलं, ताप. बहिणीचं लग्न थाटात झालं.

बऱ्याच वर्षांनी विजयकर गेले. गिरगावात त्यांच्या घरी गेलो तेव्हा दारात मुलगा होता. "हार्ट फेल," तो म्हणाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याच्या आधी काय झालं होतं?"

आतून विजयकरांच्या पत्नी म्हणाल्या, "सावंत ना? या. हे म्हणालेच होते, कुणी विचारणार असेल तर तो सावंत विचारेल. साखर होती, मग मूत्रपिंडं गेली. नीट सांग म्हणाले होते."

मी मान हलवली. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"एका माणसाला विचारायचं राहिलं, असंही म्हणायचे," त्या म्हणाल्या. "धक्क्यावर. तुमचे भाऊ होते ना ते? कशानं गेले?"

आमच्या घरात इतकी वर्षं कुणी हा शब्द उच्चारला नव्हता.

"क्षयानं," मी म्हणालो. "आजार मुंबईचा. मरण गावचं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोटोकडे वळून, मोठ्यानं, कानाने अधू झालेल्या माणसाला सांगावं तसं म्हणाल्या, "अहो, सांगितलं त्यांनी."