धाब्यावर एक पाटी

एप्रिल १९८८. अंदाजपत्रक अठरा हजारांचं, त्यात लंबकाचे पंधराशे. जागेवर हजर: मी, संस्थेचे अध्यक्ष नाना आणि छताला भोक पाडणारा गवंडी.

धरणगावच्या पुढच्या एका गावात जुन्या शाळेचं विज्ञान संग्रहालय होणार होतं. सोमवारी उद्घाटन. दोनशे मुलं मोठ्या हॉलमध्ये बसणार. पृथ्वी फिरते हे दाखवणारा लंबक मधल्या तुळईला टांगायचा होता. तुळई तो पेलेल का, एवढंच मी, इंजिनिअरनं, जळगावहून येऊन सांगायचं.

छत धाब्याचं. म्हणजे सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या, वर खारी माती. माती नऊ इंच धरून मी हिशोब करूनच आलो होतो. लंबकाचा गोळा वीस किलोचा. काळजी नव्हती.

वरून गवंडी ओरडला, "साहेब, पहार बुडनी, तरी फळी लागस नही!"

नानांबरोबर वर जाऊन मी टेप लावला. एकतीस इंच. दुसऱ्या कोपऱ्यात तीस. मातीबरोबर कठडाही वाढवलेला, त्यामुळे खालून काही कळत नव्हतं.

"नाना, ही माती कोणी टाकली?"

"पोरेस्नी. सातवी पास व्हयनी का दर पोरगा मातीनी एक पाटी टाकस. आमनी रीतच शे. मनी बी पाटी शे तठे."

"आणि जुनी कधी काढता?"

"काढानी कसाले? धाबं गळस का कधी?"

मी कठड्यावरच गणित केलं. नऊ इंचांवरची माती साठ टन. रावेरहून निघणारे केळीचे सहा भरलेले ट्रक, आणि आम्ही तिघे त्यांच्यावर उभे. मी हळूच जिन्याकडे सरकलो. खाली येऊन मधल्या तुळईवरचा चुना खरवडला. आत बोट जाईल एवढी भेग.

नाना पांढरे पडले. "मंग आतापावत पडनं कसं नही?"

"ते मलाही सांगता येत नाही."

"पत्रिका वाटाई ग्यात. आन् आते पोरे काय टाकतीन?"

"टाकू नका. एकेक पाटी काढा."

हॉलमध्ये टेकू लावले. सातवी कधीच पास झालेले बाप्ये चार-चार करून वर चढले. पहिली पाटी नानांनी उतरवली. नऊ इंच माती ठेवली. उद्घाटन लिंबाखाली झालं, लंबकाशिवाय.

तेव्हापासून छताची जाडी मी धरत नाही, मोजतो.

मजुरी कोणी घेतली नाही. लंबकाच्या पंधराशेतले नऊशे टेकूंसाठी लाकूडवाल्याला दिले, सहाशे माती वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला.