आत्याच्या गाडीला धक्का

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधेच हसलात तर मी चहा अर्धा टाकून उठेन. आमच्या खांदा कॉलनीत अजूनही लोक मला बघून दोन्ही हात पुढे करतात. नमस्काराला नाही हो! धक्का द्यायला!

तर काय झालं, मी नुकतीच मेकॅनिकल इंजिनियर झालेली, आणि गाड्यांची ठार वेडी. घरात पहिली नवी गाडी घ्यायचं चाललं होतं. मला हवी होती टर्बो पेट्रोल. पाय दाबला की गुरगुरली पाहिजे, एक्स्प्रेसवेवर अंगावर काटा आला पाहिजे! आणि पप्पांचा प्रश्न एकच. "मायलेज किती?"

अहो, वाघ आणायला निघालात आणि विचारताय दूध किती देतो?

त्यात आत्याने बॉम्ब टाकला. आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण, शाळेतून रिटायर झालेली गणिताची बाई. तिने कुणालाही न विचारता विजेवर चालणारी छोटीशी गाडी घेतली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून वायर खाली सोडायची आणि मोबाईलसारखी चार्ज करायची! तेव्हा असली गाडी आमच्या कॉलनीत कुणी जवळून पाहिलीसुद्धा नव्हती.

"आत्या, आवाज नसलेली गाडी ही गाडीच नव्हे. मिक्सर आहे मिक्सर!"

"मिक्सरला आवाज असतो, गौरी," आत्या शांतपणे म्हणाली.

पप्पांनी ही संधी साधली. "एवढी अक्कल आहे ना? मग उद्या पूजा झाली की ताईची गाडी कॉलनीतून एक चक्कर फिरवून आण. नीट आणलीस तर आपल्या नव्या गाडीची चावी तुझी. नाहीतर मी ड्रायव्हर ठेवतो."

ड्रायव्हर! मी घरात असताना! डोक्यात नुसता जाळ झाला.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, चारी चाकांखाली चार लिंबं. नारळ फुटला. मी टुणकन सीटवर बसले.

"थांब, आधी समजावून सांगते," आत्या म्हणाली.

"आत्या, प्लीज! चार वर्षं हेच शिकलेय मी."

"बरं बाई." ती पेढे आणायला वर निघून गेली.

मी चावी फिरवली. समोर दिवे लागले. आणि पुढे? काही नाही. ना थरथर, ना घरघर. परत फिरवली. परत दिवे, परत शांतता. बिल्डिंगमधले सगळे माझ्याकडे बघतायत आणि पप्पा मिशीत हसतायत!

आता मला सांगा, दिवे लागतात पण इंजिन उठत नाही, याचा अर्थ काय? कुठलाही मेकॅनिक सांगेल. बॅटरी उतरली!

"पप्पा, बंद पडलीय. पहिल्याच दिवशी!"

वरून गॅलरीतून आत्या ओरडली, "अगं, चालूच आहे ती!"

आता 'ती' म्हणजे कोण? माझ्या डोळ्यांसमोर आली ती शोरूममधली गोड गोड बोलणारी बाई, जिने आत्याच्या गळ्यात ही गाडी मारली होती.

"हो ना आत्या!" मी खिडकीतून ओरडले, "एक नंबरची चालू आहे ती! मी बघते तिच्याकडे नंतर!"

आत्याने कपाळावर हात मारला. मला वाटलं, फसल्याचं दुःख.

मी हुकूम सोडला. "पप्पा, धक्का! चाचा, तुम्हीपण या!"

सलीमचाचा आमचे शेजारी, कुवेतला मोठमोठ्या गाड्या चालवून परत आलेले. कॉलनीत माझ्या बाजूचा तो एकच माणूस. त्यांनी आत वाकून बघितलं.

"गौरी बेटा, हिला क्लच तर नाय दिसत?"

"चाचा, धक्का द्या हो फक्त!"

पप्पा, चाचा आणि वॉचमन मागे लागले. "जोर लगा के..." मी गिअरचा खटका पुढे टाकला आणि रागाच्या भरात पाय दाबला.

आणि आई शप्पथ! चारी लिंबं फटाफट फुटली, माझी पाठ सीटला चिकटली आणि गाडी सुटली! एवढ्याशा गाडीने, गुरगुर न करता! आरशात बघितलं तर सलीमचाचा पप्पांच्या अंगावर आणि वॉचमन टोपीसकट खाली.

"झाली सुरू! आमच्या धक्क्याने झाली!" मागून आरोळी आली.

कोपऱ्यावर रिक्षा आडवी आली. मी ब्रेक दाबला. पुन्हा सामसूम.

"परत बंद पडली! या, या, धक्का!"

या वेळी रिक्षावाला आणि नारळपाणीवालाही आले. गाडी पुन्हा सुटली. भाजी मार्केटपाशी पुन्हा थांबले, पुन्हा "बंद पडली!" आता तर निम्मं मार्केट मागे लागलं. एक कोळीण टोपली खाली ठेवून म्हणाली, "बाय, आमची होडी पन एवडी ढकलावी लागत नाय!"

तेवढ्यात पेढ्यांचा पुडा हातात घेऊन धापा टाकत आत्या आली, दार उघडून शेजारी बसली आणि वर्गात ओरडावं तशी ओरडली, "गाडी! गाडी चालू आहे, गाढवे! ही अशीच चालू असते!"

मी हळूच पाय दाबला. धक्क्याशिवाय, आवाजाशिवाय गाडी मऊसूत निघाली. मार्केटने टाळ्या वाजवल्या. मी मान वर केली नाही.

पण एक सांगू? ते दोन झटके पाठीतून गेलेच नाहीत. घरी येऊन मीच म्हटलं, "पप्पा, पेट्रोलचं बुकिंग नको. थोडं थांबू. असल्याच गाड्या मोठ्या होऊन येणार आहेत, आणि तेव्हा टर्बोवाले आरशात दिसतील!"

पप्पा कमरेला बाम चोळत होते. तरी थांबले.

आणि आल्या हो! परवाच आमच्या दारात आमची स्वतःची इलेक्ट्रिक गाडी आली, ऐसपैस. पूजा झाली. चावी पप्पांच्या हातात. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्वतःच्या कमरेकडे.

"ताई, काय करू? ड्रायव्हर ठेवू का?"

आत्याने त्यांच्या हातातून चावी घेतली आणि माझ्या हातात ठेवली.

"कशाला ड्रायव्हर? उत्तम चालवते पोरगी. आणि गाडीला धक्का लागतच नाही," आत्या पेढा खात म्हणाली, "तो आमच्या गौरीला लागतो."